बचत करा म्हणता, पण नाव कोणाचे?

मार्च महिना आला की वस्त्यावस्त्यांमधून स्त्रियांसाठी कार्यक्रम होतात. पूर्वी त्यात रांगोळीच्या आणि पाककृतींच्या स्पर्धा असत. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला 'आर्थिक साक्षरता' आली आहे. कोणी बँकेचे अधिकारी येतात, कोणी विमा प्रतिनिधी, कोणी म्युच्युअल फंडाचे वितरक. पडद्यावर एक आलेख येतो. महिन्याला १००० रुपये, वीस वर्षे, इतके टक्के, आणि शेवटी डोळे दिपवणारा एक आकडा. मग प्रवचन सुरू होते. स्त्री ही घरची अर्थमंत्री आहे, साडी एक कमी घ्या, हॉटेल टाळा, थेंबे थेंबे तळे साचे. बायका टाळ्या वाजवतात आणि चहा पिऊन घरी जातात. ते महिन्याचे १००० रुपये मागायचे कोणाकडे, हा प्रश्न सभागृहात कोणी काढलेलाच नसतो.

बचतीला माझा विरोध नाही. बाईने पैसा ओळखावा, मोजावा, वाढवावा, याच मताची मी आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. गुंतवणुकीचे जे प्राथमिक धडे आज स्त्रियांना दिले जातात ते मालकाने शिकायचे धडे आहेत, आणि ते दिले जातात जिच्या नावावर काहीच नाही अशा बाईला. सातबारा सासऱ्याचा, घर नवऱ्याचे, एटीएमचे कार्ड मुलाच्या खिशात, दागिने सासूच्या कपाटात. अशा बाईला चक्रवाढ व्याज समजावून सांगणे म्हणजे विहीर दुसऱ्याची असताना तिला पोहरा कसा सोडावा ते शिकवणे आहे.

डब्यातला पैसा

या कार्यक्रमांमध्ये बायकांच्या एका सवयीची हमखास थट्टा होते. पिठाच्या डब्यात, साड्यांच्या घडीत, देव्हाऱ्याखाली ठेवलेले पैसे. 'हा पैसा झोपलेला असतो, महागाई त्याला खाते,' असे वक्ते सांगतात. गणित म्हणून ते खरेच आहे. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर आजच्या १०० रुपयांत येणारा जिन्नस बारा वर्षांनी साधारण २०० रुपयांना येतो. ७२ ला टक्क्यांनी भागले की किती वर्षांत दुप्पट होते ते कळते. हा हिशेब बोटांवर करता येतो आणि प्रत्येकीने तो शिकून घ्यावा.

पण बाईने तो पैसा डब्यात का ठेवला, हे वक्ते विचारत नाहीत. तिला बँक ठाऊक नसते म्हणून नव्हे. बँकेतला पैसा घरात सर्वांना दिसतो, आणि दिसलेला पैसा तिचा राहत नाही, हे तिला पक्के ठाऊक असते. पासबुक कपाटात, मोबाइलवरचा संदेश नवऱ्याच्या नंबरावर. डबा हीच तिच्या मालकीची एकमेव जागा. ती महागाईत तोटा सोसते आणि त्या बदल्यात गुप्तता विकत घेते. हा अडाणीपणा म्हणायचा की तिच्या परिस्थितीत केलेला चोख हिशेब?

८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या तेव्हा हे सगळे उघड्यावर आले. वर्षानुवर्षे साठवलेले पैसे बायकांना नवऱ्यासमोर, सासूसमोर काढून ठेवावे लागले. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींची चौकशी होणार नाही, असे सरकारने जाहीर केले. सरकारने नसेल केली, घरात मात्र ती झालीच. 'कुठून आले? कोणासाठी ठेवले होते? माहेरी द्यायचे होते का?' आमच्या सल्ला केंद्रात त्या दिवसांत मारहाणीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतल्या काहींचे कारण हेच होते. मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेल्या पैशातून दीराची मोटारसायकल आली, असेही झाले.

२०२४ साली राज्य सरकारने 'लाडकी बहीण' योजना आणली. महिन्याला १५०० रुपये, तेही तिच्याच खात्यात. पैसा थेट बाईच्या खात्यात येणे ही चांगलीच गोष्ट आहे, आणि त्याची चेष्टा करणाऱ्यांत मी नाही. पण वस्तीत विचारा. पैसे सुरू झाल्यावर घरखर्चाला मिळणारी रक्कम किती घरांत १५०० नेच कमी झाली? किती घरांत पैसे काढायला मुलगाच जातो? खाते उघडले म्हणजे हक्क मिळाला, अशी सरकारची समजूत आहे. २०१४ पासून जनधनची खाती उघडली गेली तेव्हाही तीच होती.

नाव आणि मालकी

म्हणून माझ्या मते गुंतवणुकीचा पहिला धडा टक्क्यांचा नसावा, नावाचा असावा. प्रत्येक कागदावर कोणाचे नाव आहे, ते कोणत्या जागी आहे, आणि त्याचा अर्थ काय?

संयुक्त खातेच घ्या. 'आमचे जॉइंट खाते आहे,' असे बायका समाधानाने सांगतात. पण 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीचे खाते असेल तर नवरा एका सकाळी सगळी रक्कम काढू शकतो. 'पहिला खातेदार किंवा हयात असलेला' अशी पद्धत असेल तर पहिले नाव ज्याचे, तोच हयातीत व्यवहार करणार. तुमचे नाव नुसते शोभेला. खाते उघडण्याच्या अर्जावर एक बारीक खूण असते. बाईचा हक्क त्या खुणेत असतो आणि ती खूण सहसा तिला न विचारताच केली जाते.

दुसरा शब्द नॉमिनी. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक असतोच असे नाही. ते पैसे कायदेशीर वारसांचे. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. दुसरीकडे, लग्नाआधी नोकरीला लागलेल्या पुरुषाने आईचे किंवा भावाचे नाव नॉमिनी म्हणून दिलेले असते आणि पुढे वीस वर्षे ते बदललेले नसते. तो गेल्यावर बाई बँकेत जाते तेव्हा काउंटरवर तिला कळते की पैसे दिराच्या हाती जाणार आणि आपल्याला वारस म्हणून भांडावे लागणार. तेराव्याच्या आत हे भांडण सुरू झालेले मी पाहिले आहे.

विमा घ्यायचाच असेल तर १८७४ सालचा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा विचारा. त्याच्या सहाव्या कलमाखाली नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नी-मुलांच्या हितासाठी उतरवला, तर ती रक्कम विश्वस्त निधी ठरते. नवऱ्याच्या सावकाराला ती जप्त करता येत नाही आणि खुद्द नवऱ्यालाही ती परस्पर मोडता येत नाही. पॉलिसी घेतानाच हे लिहून द्यावे लागते. दीडशे वर्षांचा कायदा आहे, पण किती प्रतिनिधी आपणहून तो सांगतात?

आता वारशाकडे येऊ. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीने हक्क दिला, तोही तेव्हा अविवाहित असलेल्यांनाच. केंद्राने २००५ साली तो सर्व मुलींना दिला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. आणि गावात काय चालते? भाऊ दिवाळीला साडी देतो आणि महिन्याभराने तालुक्याला नेऊन हक्कसोड पत्रावर सही घेतो. 'माहेर तुटू नये म्हणून दिली सही,' असे त्या सांगतात. दरमहा १००० रुपये वीस वर्षे भरण्याचे गणित आपण त्यांना शिकवतो, आणि लाखोंची जमीन एका सहीत जाते तेव्हा गप्प बसतो. शेतकरी संघटनेने नव्वदीच्या सुमाराला 'लक्ष्मीमुक्ती' करून बायकांच्या नावावर जमीन लावायला शेतकऱ्यांना सांगितले होते. गुंतवणुकीचा त्याहून मोठा धडा या राज्यात क्वचितच दिला गेला असेल.

मिळवत्या बाईने तर आणखी एक गोष्ट ऐकून ठेवावी. हिंदू वारसा कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे, मृत्युपत्र न करता वारलेल्या, मूलबाळ नसलेल्या विधवेची स्वकमाई तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी हाकलले, माहेरच्यांनी शिकवले, नोकरी करून पैसा जमवला, अशा एका बाईचा पैसा सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली नवऱ्याच्या वारसांनाच दिला. कायदा तसा आहे, सहानुभूतीने तो बदलत नाही, असाच त्या निकालाचा अर्थ. यावरचा उपाय आपल्या हातात आहे. मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. ज्या कार्यक्रमात आलेख दाखवले जातात, तिथे हा एक कागद का दाखवला जात नाही? उत्तर सोपे आहे. त्यावर कोणाला कमिशन मिळत नाही.

साधे गणित

नावाचा प्रश्न सुटला, निदान समजला, की मग गणिताकडे यावे. तेही वाटते तितके अवघड नाही.

पहिले, कर्ज. खाजगी सावकाराचे 'शेकडा पाच' म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. शेकडा दहा म्हणजे वर्षाला एकशे वीस. जिच्या डोक्यावर असे कर्ज आहे तिने कसलीही गुंतवणूक करू नये. आधी ते फेडावे. साठ टक्के वाचवण्याइतकी फायद्याची योजना जगात कोणाकडे नाही.

दुसरे, 'फ्लॅट' दर. १०,००० रुपये कर्ज, बारा टक्के फ्लॅट, बारा हप्ते. एकूण ११,२०० फेडायचे, म्हणजे हप्ता सुमारे ९३३. ऐकायला बारा टक्के. पण मुद्दल तुम्ही दर महिन्याला परत करत असता. वर्षभर सरासरी तुमच्या हातात १०,००० नसतात, साडेपाच हजारांच्या आतच असतात. व्याज मात्र पूर्ण रकमेवर. खरा दर २१-२२ टक्क्यांच्या घरात जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे छोट्या कर्जांसोबत वार्षिक दर सांगणारे माहितीपत्रक द्यावे लागते. ते मागा. न वाचता सही करू नका, आणि गटातल्या दुसरीच्या कर्जाला जामीन राहताना तर मुळीच नाही.

तिसरे, दामदुप्पट. हा शब्द मुळात कर्जदाराच्या संरक्षणाचा. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करू नये, असा तो जुना नियम. आज तोच शब्द आमिष झाला आहे. 'तीन वर्षांत दामदुप्पट' म्हणजे वर्षाला सुमारे २५ टक्के. बँक सहा-सात टक्क्यांच्या आसपास देत असताना हा मनुष्य पंचवीस कुठून देणार? नव्या बायकांच्या पैशातून जुन्यांना. आणि हे गळाला लावणारे बहुधा परके नसतातच. नात्यातली वहिनी, भजनी मंडळातली मैत्रीण. तिलाही कमिशनच्या लोभाने कोणीतरी पुढे केलेले असते.

चौथे, पैसा ठेवायचा कुठे. बँकेतल्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते; २०२० पासून त्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख आहे, व्याज धरून. ते सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थेला मात्र हा विमा नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, त्या एक-दोन टक्के जास्त देतात, आणि फलक बँकेसारखाच असतो. फरक विचारून घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १००० रुपये काढता येतील असे ठरले होते. मुंबईत बँकेच्या दारात ज्या बायका रडत उभ्या होत्या त्यांनी बचतीचे सगळे नियम पाळलेले होते. फक्त सगळी अंडी एका टोपलीत होती. म्हणून पैसा विभागून ठेवावा.

पाचवे, क्रम. आधी दोन-तीन महिन्यांचा घरखर्च हाताशी, म्हणजे बचत खात्यात किंवा पोस्टात. मग लांबच्या पल्ल्यासाठी पोस्टातल्या योजना, पंधरा वर्षांचे पीपीएफ. ते वर्षाला ५०० रुपयांनीही चालू राहते आणि सावकाराला त्यावर जप्ती आणता येत नाही. शेअर्सशी जोडलेले म्युच्युअल फंड त्यानंतर, आणि पाच-सात वर्षे लागणार नाही अशाच पैशाचे. त्यात चढउतार असतात, हमी नसते. २०१३ पासून प्रत्येक फंडाची 'डायरेक्ट' योजना असते, तिच्यात वितरकाचे कमिशन नसते. विमा आणि गुंतवणूक एकत्र विकणाऱ्याला एकच विचारा, 'मी दोन वर्षांनी मोडले तर हातात किती येईल?' तो कागदावर लिहून देईना, तर उठून यावे.

'घर फोडता' म्हणणाऱ्यांना

हे बोलू लागले की हमखास ऐकू येते, 'तुम्ही बायका नवरा-बायकोत माझे-तुझे आणता.' माझे-तुझे आम्ही आणलेले नाही. ते सातबाऱ्यावर आधीपासून लिहिलेले आहे. 'आपले' हा शब्द घर बांधताना वापरतात, आणि नवऱ्याने टाकल्यावर तेच घर 'माझे' होते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी २९९ मिनिटे निघाली, पुरुषांची ९७. या पाच तासांना भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. घरातली बचत ज्या श्रमांमुळे शक्य झाली त्यांवर तिचे नाव असावे, एवढेच आम्ही म्हणतो.

आणि हे कायद्यालाही मान्य आहे. स्त्रीधन हे बाईचे स्वतःचे आहे, नवऱ्याकडे ते फक्त ठेव म्हणून असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक छळ हा हिंसाचाराचाच प्रकार मानला आहे. तिची कमाई काढून घेणे, तिचे स्त्रीधन परस्पर विकणे, घरखर्चाला पैसे न देणे हे सगळे त्यात येते. एटीएमचे कार्ड हिसकावणे ही घरगुती कुरबुर नव्हे.

आपल्याच मैत्रिणींना

आता थोडे आपल्या चळवळीविषयी. आपल्यातल्या बऱ्याच जणींना हा विषय बाजारू वाटतो. 'बाईला गुंतवणूकदार बनवणे म्हणजे भांडवलशाहीची सेवा,' असे मला एका बैठकीत ऐकवले गेले. बचत गटांच्या नावाखाली गरिबीची सगळी जबाबदारी गरीब बाईच्याच गळ्यात मारली गेली, ही टीका मलाही मान्य आहे. पण आपण हा विषय सोडला म्हणून तो रिकामा राहत नाही. तिथे एजंट येऊन बसतो. समाजकार्याच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात समुपदेशन शिकवले, दारिद्र्याच्या व्याख्या शिकवल्या. परंतु टाकलेल्या बाईसोबत बसून तिच्या नवऱ्याचे पासबुक कसे वाचायचे, हे शिकवले नाही. पोटगीच्या दाव्यात मात्र पहिला प्रश्न तोच येतो.

'बायकांना हे कळणार नाही,' असे कोणी म्हणाले तर त्यांना म्हसवडला पाठवा. माणदेशी महिला सहकारी बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांनी अंगठे उठवले होते. त्या पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्राशिवाय काढून दाखवावे. १९९७ साली बँक उभी राहिली. चेतना सिन्हा यांनी हा प्रसंग अनेकदा सांगितला आहे. गणित बायकांना येतेच. त्यांच्यापासून दूर ठेवले जातात ते कागद.

म्हणून माझे चार आग्रह आहेत.

एक, कोणत्याही प्रशिक्षणाची पहिली बैठक कागदांची असावी. प्रत्येकीने घरातले खाते, ठेव, विमा, घर, जमीन, दागिने आणि कर्ज यांची यादी करावी. प्रत्येकापुढे नाव, नॉमिनी आणि कागद कुठे आहे ते लिहावे.

दोन, जो विकतो त्याने शिकवू नये. संघटनेच्या व्यासपीठावर एजंटला बोलावणे बंद करावे, त्याने मंडपाचा खर्च दिला तरी.

तीन, प्रत्येकीचे एक खाते फक्त तिच्या नावावर, तिच्याच मोबाइल नंबरावर असावे. मोबाइल नसेल तर पासबुक मैत्रिणीकडे किंवा केंद्रात ठेवण्याची सोय आपण करावी.

चार, हक्कसोड पत्र, जामीन आणि कोरा कागद, यांवर गटाला किंवा केंद्राला दाखवल्याशिवाय कोणीही सही करू नये. 'दोन दिवसांनी करते' एवढे म्हणायला बाईला शिकवले तरी पुष्कळ जमिनी वाचतील.

या चार गोष्टींना सरकारी परिपत्रक लागत नाही, अनुदान लागत नाही. पुढच्या तिमाहीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, असा माझा प्रस्ताव आहे. येताना प्रत्येकीने आपल्या घरची यादी करून आणावी. कार्यकर्त्यांनीसुद्धा.